हिंगण्यात बसून मँचेस्टरचा खेळाडू कसा विकावा

नागपूरच्या हिंगणा तालुक्यात दरवर्षी जून ते ऑगस्ट या काळात कोट्यवधी पौंडांची उलाढाल होते. ती कोणत्याही कारखान्यात होत नाही आणि तिच्यावर जीएसटी लागत नाही. पहिली पाळी सुटल्यावर आयसी चौकातल्या टपरीवर, वानाडोंगरीत इंजिनीअरिंगच्या पोरांच्या भाड्याच्या खोल्यांत, डिगडोहच्या एखाद्या गच्चीवर मँचेस्टर, लंडन आणि लिव्हरपूल इथले खेळाडू विकले जातात, घेतले जातात, उसने पाठवले जातात. मात्र या कामाला शिस्त राहिलेली नाही. काही मंडळी रागाच्या भरात तेवीस वर्षांचा चांगला मिडफिल्डर चहा थंड व्हायच्या आत फुंकून मोकळी होतात. त्यांच्यासाठी, आणि या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्यांसाठी, हे मार्गदर्शन.

क्लब कोणता निवडावा, या भानगडीत पडू नये. तो मोठ्या भावाने किंवा होस्टेलच्या रूम पार्टनरने कधीच ठरवून ठेवलेला असतो. आपण मँचेस्टर पाहिलेलं नाही याची लाजही बाळगू नये; बोलताना फक्त स्वतःला संचालक मंडळात धरावं. ‘युनायटेडने त्याला विकायला हवं’ असं म्हणणाऱ्याकडे टपरीवर कोणी वळून बघत नाही. ‘आपण त्याले मागच्या जानेवारीतच काढाले पाहिजे होतं’ असं म्हणणाऱ्याला बाकावर जागा करून देतात.

बैठकीला गणपूर्ती लागते. एक अकाउंट्सवाले भाऊ हवेत, एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीचे चालतील. एक पोट्टा हवा, ज्याच्या फोनमध्ये प्रत्येक खेळाडूचं वय, करार कधी संपतो ते साल आणि आठवड्याचा पगार असतो. स्वतःच्या सेमिस्टरची तारीख त्याला विचारू नये. एक काका हवेत, ज्यांच्या मते युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसनसाहेब निवृत्त झाल्यावर, म्हणजे २०१३ नंतर, काहीच घडलेलं नाही. आणि दुसऱ्या बाजूचा, चेल्सीचा किंवा लिव्हरपूलचा, निदान एक माणूस हवा. सगळे एकाच क्लबाचे असले तर दोन तासांत एकमत होण्याचा धोका असतो.

आता मुख्य विद्या. अकाउंट्सवाल्या भाऊंना मध्ये बसवण्याचं कारण हे, की आजकाल खेळाडू मैदानावर विकला जात नाही, वहीत विकला जातो. समजा कंपनीने मोठं मशीन घेतलं, तर त्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात धरत नाहीत, दरवर्षी थोडी थोडी घसारा म्हणून टाकतात. खेळाडूचं तेच. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी एन्झो फर्नांडेझ १०.६८ कोटी पौंडांना घेतला आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. वहीत दरवर्षी पडले फक्त सव्वा कोटी. ही युक्ती चेल्सीने इतक्यांदा केली की त्याच वर्षी युएफाने आणि मागोमाग प्रीमियर लीगनेही सांगितलं, करार हवा तेवढा लांब करा, खर्चाची वाटणी मात्र पाचच वर्षांत करायची. हे ऐकून भाऊ मान हलवून म्हणतील, ‘आमच्या इथं असं केलं असतं तर ऑडिटरनं पहिल्याच दिवशी धरलं असतं.’ या वाक्याला दाद द्यावी आणि पुढे सरकावं, नाहीतर ते त्यांच्या ऑडिटरच्या गोष्टीवर जातात.

याच वहीतून दुसरी, जास्त क्रूर गोष्ट निघते. विकत आणलेला खेळाडू विकला, तर किमतीतून त्याचा उरलेला घसारा वजा होतो. क्लबाच्याच अकादमीत लहानाचा मोठा झालेला पोरगा विकला, तर वजा करायला काही नसतंच, आलेला पैसा सगळा नफा. त्यामुळे तोट्याच्या नियमात अडकलेला क्लब पहिला हात घालतो तो घरच्या पोरावर. मेसन माउंट सहा वर्षांचा असताना चेल्सीत आला होता. २०२३ च्या जुलैमध्ये त्याला साडेपाच कोटी पौंड आणि वर काही अटी एवढ्यावर मँचेस्टर युनायटेडला दिलं. पुढच्या वर्षी युनायटेडने तेच आपल्या घरात केलं. स्कॉट मॅकटॉमिने लहानपणापासून तिथेच वाढलेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो अडीच कोटी पौंडांच्या आसपास नापोलीला गेला. पहिल्याच हंगामात नापोलीने इटलीची लीग जिंकली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकटॉमिनेच निवडला गेला.

इथे बैठकीत नेहमी पुढीलप्रमाणे संवाद होतो. तो पाठ करावा.

‘घरच्या पोट्ट्याले काहून विकता बे?’

‘प्युअर प्रॉफिट आहे काका.’

‘अन् तो इटलीत जाऊन चॅम्पियन झाला, त्याचं काय?’

‘ते वहीत येत नाही काका.’

यानंतर काका थोडा वेळ बोलत नाहीत. या शांततेत तुम्ही तुमचा विंगर विकून टाकावा.

भाव सांगताना संकोच करू नये, पण दोन्ही चलनांत सांगावा. १ सप्टेंबर २०२५ ला लिव्हरपूलने अलेक्झांडर इसाक न्यूकॅसलकडून १२.५ कोटी पौंडांना घेतला, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. एवढ्यावर थांबलात तर कोणी डोकं वर काढणार नाही. ‘पंधराशे कोटी रुपये’ म्हणा, चहावालाही किटली खाली ठेवतो. चढ्या भावाला विरोध करायचा असेल, तर त्यासाठी अँथनी आहे. युनायटेडने २०२२ मध्ये आयाक्सला साडेनऊ कोटी युरो मोजून आणला, २०२५ मध्ये रिअल बेटिसला २.२ कोटी आणि वर काही अटी एवढ्यावर दिला. एमआयडीसीतला भंगारवालाही तीन वर्षांच्या मालाला यापेक्षा बरा दर देईल, असं म्हणून बाजू मांडावी. समोरचा लिव्हरपूलचा असला तर तो कुटिन्हो काढेल, त्याला तयार राहा: जानेवारी २०१८, बार्सिलोनाकडून चौदा कोटी पौंडांपर्यंत जाणारा सौदा, आणि त्याच वर्षभरात बचावाला व्हॅन डाइक, गोलमध्ये ॲलिसन. ‘विकावं कसं ते आमच्याकडून शिका.’ या वाक्याला आजवर हिंगण्यात कोणाला उत्तर सापडलेलं नाही. अशा वेळी विषय ग्लेझर कुटुंबावर न्यावा. त्यांनी २००५ मध्ये युनायटेड घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. इथे मात्र चेल्सी, लिव्हरपूल, काका, चहावाला, सगळ्यांचं एकमत होतं, आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते.

नियमाची धमकी कधी द्यायची हेही शिकावं लागतं. प्रीमियर लीगने क्लबांना तीन हंगामांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोट्याची मुभा दिली होती. ती ओलांडली म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात एव्हर्टनचे दहा गुण कापले, अपिलात ते सहावर आले. पुढच्या मार्चमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. कोणी ‘तीन मोठे घेऊन टाका’ म्हणाला की फक्त ‘एव्हर्टन’ एवढंच म्हणायचं आणि चहा प्यायचा. स्पष्टीकरण दिलं की धमकीतला जोर जातो.

मेट्रोतला वाद हा वेगळा प्रकार आहे, त्याला वेळेचं बंधन असतं. लोकमान्य नगरला चढून सीताबर्डीला उतरणार असाल तर बन्सी नगर आणि वासुदेव नगरपर्यंत गोलकीपरचा निकाल लावा. रचना रिंग रोड जंक्शनला गर्दी वाढते, तिथे डिफेन्स आटोपतं घ्या. सुभाष नगर ते शंकर नगर हा मिडफिल्डचा पट्टा. झाशी राणी चौक येईपर्यंत स्ट्रायकर घेतलेला असला पाहिजे, नाहीतर तो इंटरचेंजच्या जिन्यावर राहून जातो. खुद्द हिंगण्याला जाणाऱ्यांनी लोकमान्य नगरला उतरून ऑटो करावा. मेट्रोचा हिंगण्यापर्यंतचा पुढचा टप्पा केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात मंजूर केला आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लबांची बोलणी झाली, मेडिकल बाकी आहे.

कोल्हापूरच्या माणसाशी या विषयावर बोलू नये, हा इशारा वेगळा देतो. तिकडे पाटाकडील तालमीचा संघ सोडून कोण दिलबहारकडे गेला यावरून वाद होतात, शाहू स्टेडियमवर त्याचा हिशेब चुकता होतो, आणि ज्याच्यावरून वाद झाला तो खेळाडू दुसऱ्या दिवशी दूध आणायला समोरून जातो. आपण ज्यांना शिव्या देतो त्यांच्यातला एकही हिंगण्यात दूध आणायला येत नाही. आपली सगळी धमक त्या अंतरावर उभी आहे, हे कोल्हापूरकर एका वाक्यात दाखवून देतो.

‘युनायटेड’ या नावाचा इतिहास जाणणारा माणूस बैठकीला शोभा आणतो, म्हणून एक जुनी माहिती जवळ ठेवावी. ज्या महिंद्राचे ट्रॅक्टर हिंगण्याच्या एमआयडीसीत तयार होतात, त्याच महिंद्राचा मुंबईत एक युनायटेड होता. महिंद्रा युनायटेड, लाल जर्सी, टोपणनाव जीपमेन. डेरिक परेरा यांच्या हाताखाली त्यांनी २००५–०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं आणि हा संघच बंद केला. कोणाला किती कोटींत विकायचं हा प्रश्न उद्भवलाच नाही. सगळेच एकदम मोकळे झाले. मँचेस्टरचा राखीव लेफ्ट बॅक कुठे जाणार यावर आपल्याकडे रात्री जागवल्या जातात. पंधराएक वर्षांपूर्वी देशाचा माजी विजेता संघ आपल्या ओळखीच्या कंपनीने उचलून ठेवून दिला, तेव्हा हिंगण्यात कोणत्या बाकावर किती चहा झाला, याची नोंद मिळत नाही. हा मुद्दा मांडल्यावर बाकावरची मंडळी फोन बघू लागली तर वाईट वाटून घेऊ नये. तो मुद्दाच तसा आहे.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी एक शेवटचं शस्त्र आहे, आणि ते खरोखर हिंगण्याच्या फायद्याचं आहे. फिफाच्या नियमांत सॉलिडॅरिटीची तरतूद आहे. खेळाडूचा सौदा एका देशातून दुसऱ्या देशात झाला, किंवा त्याला घडवणारा क्लब परदेशातला असला, तर किमतीतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या चार वर्षांचा वाटा दरवर्षी पाव टक्का, पुढे दरवर्षी अर्धा. इसाक पोरगा असताना स्वीडनच्या एआयकेत खेळायचा. त्याच्या किमतीवर त्या पहिल्या चार वर्षांचाच एक टक्का काढा: साडेबारा लाख पौंड, म्हणजे पंधरा कोटी रुपयांच्या घरात. सौदा इंग्लंडातल्या दोन क्लबांचा आणि वाटा स्टॉकहोमच्या वहीत.

हा हिशेब सांगितल्यावर अकाउंट्सवाले भाऊ पहिल्यांदा चष्मा काढून पुसतील. त्यांना पुढचं सांगा. पैसे मिळायला पोरगा क्लबात रीतसर नोंदवलेला लागतो, वर्षवार नोंद लागते. नागपूरला पोरांची वाण नाही. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरं पाहिली आणि त्यांच्यासाठी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यांच्यावरचा ‘झुंड’ सिनेमा आला तो त्यानंतर एकवीस वर्षांनी. वाण आहे ती वहीची. एमआयडीसीत नटबोल्टच्या प्रत्येक खोक्यावर बॅच नंबर असतो. मोकळ्या प्लॉटवर रविवारी खेळणाऱ्या तेरा वर्षांच्या पोट्ट्याच्या नावावर काहीच नसतं. तेव्हा पुढच्या बैठकीत घरचा पोट्टा विकावा की नाही हा वाद घालण्याआधी, घरचे पोट्टे कोणत्या रजिस्टरात आहेत, हे कोणीतरी जिल्हा संघटनेत जाऊन विचारून यावं. कोण जाणार यावर वाद घालायला हरकत नाही. काकांना पाठवू नये, ते फर्ग्युसनसाहेबांवर बोलून परत येतील.

शेवटच्या दिवसाची व्यवस्था. २०२५ मध्ये इंग्लंडची उन्हाळी खिडकी १ सप्टेंबरला तिथल्या संध्याकाळी सातला बंद झाली, आपल्याकडे रात्री साडेअकराला. सोमवार होता, सकाळी पहिली पाळी होती. अशा रात्री फोन चार्ज ठेवावा आणि कागदपत्रांवर विश्वास ठेवू नये. २०१५ मध्ये युनायटेडच्या डे हेआचा रिअल माद्रिदशी सौदा कागद वेळेत न पोहोचल्याने फसला आणि तो पुढची आठ वर्षं मँचेस्टरलाच राहिला. साडेअकराला कोणी ‘चला, झालं’ म्हणत उठेल, त्याला हात धरून खाली बसवावं. इंग्लंडला खेळाडू आणता येत नाही एवढंच झालेलं असतं, पाठवता येतोच, कारण तुर्कस्तानची खिडकी उघडी असते. युनायटेडचा गोलकीपर ओनाना ११ सप्टेंबरला ट्राबझोनस्पोरला उसना गेला. करारमुक्त खेळाडू त्यानंतरही घेता येतो. आणि जे उठले होते त्यांच्याकडून त्या रात्रीच्या सगळ्या चहाचे पैसे घ्यावेत, प्युअर प्रॉफिट म्हणून.