मर्दानी खेळाची उत्तरपूजा

कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात. एवढ्या वेळात पुरुषार्थ सिद्ध करा म्हणणं हा खेळाडूवर अन्यायच आहे. म्हणून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आटोपून पोरं परतूर स्टेशनात उतरली, की खरा सामना धाब्यावर सुरू होतो. तिथे वेळेचं बंधन नाही आणि पंचही नाही.

चकण्याला शेव, फुटाणे आणि उकडलेली अंडी. पहिल्या वर्षाचा एखादा पोरगा नुसतं थंड मागवतो. कप्तान मायेने विचारतो, "काय लेका, आईला विचारून आलास का?" पोरगा ग्लास उचलतो. चव आवडत नाही, तोंड वाकडं होतं, पण संघभावना म्हणतात ती हीच. मर्दाने कोणाच्या बापाला भिऊ नये. भ्यावं ते फक्त सोबत बसलेल्या चौघांना.

महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५. पोरं हा अनुशेष विशीच्या आतच भरून काढतात. मराठवाड्याचा दुसरा कुठला अनुशेष इतक्या तत्परतेने भरल्याचं ऐकिवात नाही.

आहारशास्त्रही त्यांच्याच बाजूचं. एक ग्रॅम प्रथिनात ४ कॅलरी, एक ग्रॅम मद्यार्कात ७. झोप मोडते, स्नायू भरून यायला उशीर लागतो, या डॉक्टरांच्या नेहमीच्या कुरबुरी. काही खेळांत स्पर्धेच्या वेळी दारूवर असलेली बंदी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनेही २०१८ पासून उठवली. दारूने खेळ सुधारतो, असा आळ तिच्यावर कोण घेणार?

मग शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी 'बघतो'. बघणं हा आपल्याकडचा सर्वांत गंभीर गुन्हा, त्याला माफी नाही. खुर्ची उठते, बाटली फुटते, आणि पहाटे ठाण्याच्या बाकावर मोंढ्यात कापूस विकून आलेला बाप हात जोडून बसलेला असतो. लेकाच्या पराक्रमाला एवढा प्रेक्षक पुरे.

राजाराम कॉलेजच्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांना यातलं काही जमलं नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं आणि पुढे १९५५ मध्ये मुंबई पोलिसांत फौजदार झाले. मर्दानगीची एवढी हौस नसली, की माणसाला अशी नोकरी करावी लागते.

आमची पोरं त्यातून सुटतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, प्रमाणपत्र हाती आहे, पहाटेची धावपळही चालू आहे. पण चारित्र्य पडताळणीत तो बघण्यावरून झालेला गुन्हा निघतो. यात खरी चूक शासनाची. पोलीस भरतीत १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. बाटलीफेकीला एकही नाही. पुढची जाहिरात निघण्याआधी गृहखात्याने एवढी दुरुस्ती करावी, ही नम्र विनंती.