ब्लँकेटवाले आले

अमेरिकेतल्या मावसभावाची मुलगी सुट्टीत केनियाला निघाली आहे. शेजारच्या चर्चची दहा दिवसांची ट्रिप आहे, तिथल्या खेड्यात जाऊन शाळेच्या भिंती रंगवायच्या. चर्चशी हिचा संबंध काय? घरात पाच दिवसांचा गणपती. पण कॉलेजच्या अर्जात असलं काही लिहिलेलं बरं दिसतं म्हणे. फोन ठेवल्यावर आम्ही यथेच्छ हसलो. ‘केनियात रंगारी मिळत नाहीत का?’ असं बायकोनं विचारलं आणि ती माळ्यावरचे जुने कपडे काढायला लागली. रविवारी सोसायटीची शहापूरची ट्रिप होती.

नौपाड्यातून सातला निघणारी ट्रॅव्हलर पावणेनऊला हलली, कारण बॅनर यायचा होता. बॅनरवर अध्यक्ष हात जोडून, सचिव हात जोडून, आणि कोपऱ्यात इवलासा एक आदिवासी मुलगा, बहुधा गुगलवरून उचललेला. अध्यक्षांचे साडू डोंबिवलीहून येऊन कल्याणला चढले. मग वाट वाकडी करून टिटवाळ्याच्या गणपतीचं दर्शन, मग मिसळ.

याच टिटवाळ्यात जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगावकडचे वारली इथवर आले होते आणि गोदावरी परुळेकरांसमोर त्यांनी वेठबिगारीचं गाऱ्हाणं मांडलं होतं. ब्लँकेट कुणी मागितलं नव्हतं. हे मी गाडीत सांगायला घेतलं तेव्हा अंताक्षरी ‘व’वर अडली होती. ‘वारली’वरून गाणं आहे का, एवढंच मला विचारण्यात आलं.

पाड्यावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. पोरं नऊपासून रांगेत बसवलेली. गुरुजींनी खूण केली, पोरांनी एका सुरात ‘नमस्ते’ म्हटलं. सराव दांडगा होता. दिवाळीच्या आधी रविवार मोजकेच आणि आमच्यासारख्या गाड्या फार. वही हातात घेताना दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, ‘चौरेघी नाय का? दुरेघी तीन झाल्या.’ तिला फोटोतून बाजूला करण्यात आलं.

जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून एक शेरवानी निघाली, खांद्याला पॅड लावलेला एक कोट निघाला आणि डाव्या पायाचा एकटा बूट. उजवा कुणाच्या माळ्यावर आहे, ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून झालं. मग ऑक्टोबरच्या उन्हात ब्लँकेटवाटप. एका म्हातारीला तेच ब्लँकेट दोनदा घ्यावं लागलं, कारण पहिल्या वेळी अध्यक्षांचे डोळे मिटले होते.

नंतर तीच म्हातारी घरातून लख्ख घासलेला तांब्या घेऊन आली. ‘पानी घ्या, बाय.’ आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ‘नको हं आजी, आमच्याकडे आहे.’ गाडीत बाटल्यांचे चार खोके होते. तांब्यातलं पाणी प्यायला एकटा ड्रायव्हर.

भातसा धरण याच शहापूर तालुक्यात आहे. त्याचं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून मुंबईला जातं, ठाण्यालाही येतं. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी हे एकटं धरण पुरवतं. तानसा तर 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून बसतात. म्हणजे म्हातारीच्या तालुक्याचं पाणी आम्ही घरी रोज पितो, चहाला वापरतो, गॅलरीतल्या कुंड्यांना घालतो. तिच्या हातून तेवढं चालत नाही.

परतीच्या वाटेवर सगळे भारावलेले. ‘किती कमी गोष्टींत सुखी असतात हो ही माणसं!’ असं साडू म्हणाले आणि एसी वाढवायला सांगितला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे पुढच्या दिवाळीची ट्रिप जाहीर केली.

मी ग्रुपवर टाकलं: दिवाळीत नको, मे महिन्यात जाऊ. बॅनर नको, कपडे नकोत. टँकर किती दिवसांनी येतो ते बघू, लिहून घेऊ आणि तहसील कचेरीत नेऊन देऊ. आठवडा झाला. एकोणतीस जणांनी अंगठा दाखवला आहे. नावं आलीत दोन, एक माझं आणि एक ड्रायव्हरचं.