आज झाली का?

चिरंजीव चार वर्षांचे झाले आणि आमच्या घरात बोलायला विषय एकच उरला. ऑफिसातून बायकोला फोन लावला की मी "जेवलीस का?" विचारत नसे, थेट "झाली का?" एकदा चुकून साहेबांनाच विचारलं. मीटिंगबद्दल असावं असं समजून ते "अजून नाही" म्हणाले.

मी हिशेबखात्यातला माणूस, तेव्हा वही घातली. तारीख, वेळ, शेरा. आठवड्यात दोनच्या वर नोंद जाईना आणि शेऱ्यात कायम 'खडा'. आईचा भरवसा एरंडेलावर, सासूबाईंचा भिजवलेल्या काळ्या मनुकांवर. शेजारच्या काकू विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घेऊनच आल्या. तो कुठे घालायचा हे कळल्यावर पोरगं गच्चीवर पळालं, ते जेवायलाच खाली आलं. मी माझ्या परीने दुधाचे ग्लासावर ग्लास पाजत होतो. दुधाने पोट साफ होतं, असं आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानतात.

शी लागली की तो दाराच्या पडद्यामागे जायचा. टाचा उंच, पायांची कात्री, चेहरा लालबुंद, मुठीत पडद्याची झालर. मी अलीकडून टाळ्या वाजवायचो, "शाब्बास! लाव जोर!"

मग चड्डी दिवसातून दोन-तीनदा पातळ खराब व्हायला लागली. बांध फुटला म्हणून आधी आनंद झाला, दुसऱ्या दिवशी धडकी भरली. जुलाबच हे! मनुके बंद, डाळिंबाचा रस आणि दहीभात सुरू. वहीत लाल शाईने 'अतिसार'.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी वही बाजूला ठेवली आणि पोट चाचपलं. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली होती का, असं विचारलं. आतड्याच्या टोकाला मज्जापेशी नसण्याचा हर्शस्प्रंग नावाचा जन्मजात आजार असतो, त्यात ती लांबते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. आईने मात्र नर्सच्या साडीच्या रंगासकट वेळ सांगितली. तसं काही नव्हतं. बहुतेक मुलांत नसतंच. कधीतरी खडा होऊन दुखलेलं असतं, मूल धसका घेतं आणि शी रोखून धरतं. रोखलेली आणखी वाळते, आणखी दुखते. गुदाशय ताणून सैल पडतो, मग लागल्याचंही कळेनासं होतं, आणि अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपत राहते. तोच माझा अतिसार.

"पडद्यामागे तो जोर लावत नव्हता," बाई म्हणाल्या, "रोखत होता." म्हणजे इतके दिवस मी टाळ्या वाजवत होतो त्या विरुद्ध पक्षाला.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मिळाली. आधी काही दिवस जास्त, तुंबलेलं निघेपर्यंत. मग कमी, पण काही महिने. "औषधाची सवय लागेल हो," आई म्हणाली. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, सवय लागत नाही. घाईने बंद केली तर मात्र पहिले पाढे पंचावन्न, असं बाईंनी तिला समजावलं. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपसूक हालतं, म्हणून जेवणानंतर पाच-दहा मिनिटं कमोडवर बसवायचं, पाय लोंबकळू न देता. रागवायचं नाही. विचारायचंही नाही! हे शेवटचं पथ्य माझ्यासाठी होतं.

पायाखाली घ्यायला बरोब्बर उंचीचा पाट घरात एकच होता, माझ्या लग्नातला, चांदीची फुलं मारलेला. तो संडासात गेला त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही.

बाईंनी एक तक्ताही दिला. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला, शीचे सात प्रकार, चित्रांसह. एक नंबर म्हणजे लेंड्या, चार नंबर म्हणजे गुळगुळीत आणि मऊ. वहीला शेवटी शास्त्रशुद्ध रकाना मिळाला. काही आठवड्यांनी त्यात चारचे आकडे दिसू लागले, तशी पावडर थांबवायची मला सुरसुरी आली. बायकोने डबा माझा हात पोचणार नाही असा ठेवला.

पण परवा हिशेब जुळेना. रोजचा चमचा धरला तर डबा महिनाअखेर पुरायला हवा होता. वीस तारखेलाच तळ दिसला. मी वही घेऊन आईसमोर उभा राहिलो.

"सवय लागत नाही म्हणाल्या ना त्या?" आई म्हणाली, आणि पोथीचं पान उलटलं.