दोन दिवसांत बांबू कळत नाही

9 ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला की शहरांत आदिवासी कलांच्या कार्यशाळांचे फलक लागतात. शनिवार-रविवार, साहित्यासह, प्रमाणपत्रासह. रविवारी संध्याकाळी फ्रेम शिकणाऱ्याच्या घरी जाते आणि शिकवणारी गावाकडची एसटी पकडते.

शिकू नये का? जरूर शिकावं. शहरातल्या मुलीनं तांदळाच्या पिठीत बांबूची काडी बुडवली तर कुणाचंच नुकसान नाही. पण पहिल्या रांगेत बसायचा हक्क कुणाचा?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात बघा. पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे, भोवती औंढा नागनाथ तालुका, पलीकडे कळमनुरी. दोन्ही तालुक्यांत आंध समाजाची गावं आहेत. कळमनुरीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. वस्ती आहे, कार्यालय आहे, निधीचं शीर्षही असतं. मग सुपं-टोपल्या विणायला शिकवणारी पहिली कार्यशाळा सिद्धेश्वरच्या समाजमंदिरात का होऊ नये?

अडचण सांगतो. सरकारी यादीत आंध अनुसूचित जमातीत, बुरूड अनुसूचित जातीत, कैकाडी विमुक्त जातीत, भोई भटक्या जमातीत. चार समाज, तीन-चार खाती, आणि बाजाराच्या दिवशी सगळे एकाच ओळीत बसलेले. टोपलीला जातीचा दाखला लागत नाही. निधीला लागतो.

बरं, कार्यशाळा झाली. दोन दिवसांत काय शिकवणार?

बांबू तीन वर्षांचा झाल्याशिवाय तोडायचा नसतो. कोवळा तोडला तर वाळताना आकसतो. पावसाळ्यात तोडला तर त्याला भुंगा लागतो, म्हणून तोड हिवाळ्यात. मग चिरायचा, पेरं बघून. कोयता किती दाबायचा हे हाताला कळतं, कागदावर लिहून देता येत नाही. सुपाची कामटी वेगळी, डालग्याची वेगळी. जिला हे येतं तिनं ते आईशेजारी बसून वर्षानुवर्षं उचललेलं असतं. आणि आपण तिला सांगतो, बाई, अकरा ते एक या वेळात उरका.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा व्यवसाय आहेत. त्यात टोपली, चटई, झाडू करणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. सिद्धेश्वरच्या जलाशयाकाठी दोन्ही कामाची. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार. पैसे चांगले आहेत, घेतलेच पाहिजेत. पण जन्मभर टोपल्या विणलेली बाई तिथं शिकाऊ म्हणून बसते. तीच घरी नातीला शिकवते तेव्हा तिला रोजचे 500 कोण देतं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आजीचा दिवस बुडतो म्हणून ती शिकवत नाही. नातीला कापूस वेचायला गेलं तर रोख मजुरी मिळते, म्हणून ती शिकत नाही. आणि आपण व्याख्यानात म्हणतो, नव्या पिढीला आवड राहिली नाही.

आवड आहे. मजुरी नाही.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून तो वगळला, पण तो वनक्षेत्राबाहेरचा. जंगलातल्या बांबूसाठी गावाला वेगळं झगडावं लागलं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा झगडलं. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आधी कायदा हातात, मग बांबू.

हिंगोलीत गडचिरोलीएवढं जंगल नाही, हे मान्य. पण धरणाचे कालवे आहेत, त्यांच्या काठाला पाणी आहे. तिथं योग्य जागा पाहून बांबू लावू द्या, तोडायचा हक्क विणणाऱ्यांच्या गटाला लेखी द्या. कार्यशाळेचा पहिला धडा कुदळीनं गिरवू द्या. जलसंपदा खात्याला एका ठरावापलीकडे याचा खर्च किती येणार?

होतं का असं कुठं? होतं. मेळघाटात धारणीजवळ लवादा गाव आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे तिथं राहायला गेले, संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. शिकणारे तिथलेच कोरकू, काम तिथलंच, माल बाहेर. सुनीलभाऊ 2021 मध्ये गेले. त्यांनी तिथं दोन दिवसांचं शिबिर घेतलं नव्हतं, संसार मांडला होता.

आणि वारलीचं काय? लग्नाचा चौक पूर्वी सवाष्णी लिहायच्या, भिंतीवर, लग्नापुरता. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागदावर आणला, रोजच्या जगण्यात आणला. 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये निधन. 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पलंगपोसावर, कपबशीवर, उपाहारगृहाच्या भिंतीवर तीच माणसं नाचतात, आणि कोणत्या पाड्यातल्या हातानं काढली हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत 1990 पासून कायदा आहे: तिथल्या मूलनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर गुन्हा. आपल्याकडे मानांकन आहे. खटले किती ऐकलेत?

आश्रमशाळांकडे वळू. मुलं तिथं वर्षातले बहुतेक महिने राहतात. म्हणजे ज्या वयात हात वळतो त्याच वयात ती आईपासून, आजीपासून, कोयत्यापासून दूर असतात. शिकणं हवंच, शाळा हवीच. पण वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो ना? त्या तासाला पुठ्ठ्याचं घर करण्यापेक्षा गावातली विणकरीण बोलवा. तिला तासाचं मानधन द्या. पात्रता विचारू नका. तिची टोपली पाण्यात बुडवून बघा, एवढी परीक्षा पुरे.

जाळीवाल्यांचंही तेच. जाळ्याच्या डोळ्याचा आकार ठरवताना भोई पुढच्या वर्षीच्या माशांचा विचार करतो. डोळा बारीक केला की पिल्लं जातात, आणि पिल्लं गेली की जलाशय रिकामा. हे मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकात आहेच. पण पुस्तकवाला भोयाच्या होडीत बसून जाळं टाकायला शिकला, तर त्या कार्यशाळेत दोघंही शिकतील. ठेवा की एखादी तशी!

आता प्रमाणपत्राचं. खाली अधिकाऱ्याची सही, संस्थेचा शिक्का, कोपऱ्यात प्रायोजकाचं बोधचिन्ह. जिनं शिकवलं तिचं नाव कुठं आहे? पुढच्या वेळी सहीची पहिली जागा तिला सोडा. सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि शेजारी तिचं पूर्ण नाव, गावासकट, छापा.