कोडेकाराची साथसंगत

ज्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 1924 साली शब्दकोडे म्हणजे निव्वळ पापमय अपव्यय असा निवाडा दिला आणि 1942 मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, तोच अपव्यय बिनबोभाट दप्तरी दाखल करून घेतला, त्याच पत्राने कोड्याच्या पंचाहत्तरीनिमित्त नामांकितांना कोडेकारांच्या जोडीस बसविण्याचा शिरस्ता पाडला, आणि तदनुसार 2018 साली, परक्यांच्या चालींवर स्वतःचे शब्द बसविण्यात हयात घालविलेला विडंबनगायक ‘वीअर्ड अल’ यांकोविक, चित्रपटांच्या नावांत चीज कोंबून केलेल्या कोट्यांसह, एरिक बर्लिन या कोडेकाराच्या शेजारी विराजमान झाला. असल्या जोडकामात काळ्या चौकटींची सममिती, आडव्या-उभ्या अक्षरांचा मेळ इत्यादी कारकुनी कोडेकाराच्याच वाट्यास येते. लौकिक अर्थातच गवयाचा. न्यायदान माझ्या हाती असते, तर बिदागीचा मोठा हिस्सा मी बर्लिनच्या नावे लावला असता.