जुना डबा, नवी कांडी

सेट-टॉप बॉक्सच्या निवृत्तीची तारीख सहसा त्याचा रिमोट ठरवतो. प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून जपलेल्या रिमोटवरचा पाचचा आकडा पुसला गेला, की घरात स्ट्रीमिंगच्या कांडीचा विषय निघतो. २०१२च्या अखेरीस मुंबईत केबलला डबा सक्तीचा झाला, तेव्हा ‘हे नवीन काय खूळ’ म्हणून कुरकुरणारेच आता ‘फोर-के आहे ना?’ असं विचारतात.

निवड टीव्हीच्या पाठीपासून सुरू होते. कांडीला एचडीएमआयचं भोक लागतं. तिथे नुसतीच लाल, पांढरी, पिवळी भोकं निघाली, तर कांडीपाठोपाठ टीव्हीही नवा येतो. भोक असलंच तर ते भिंतीकडच्या चार बोटांच्या फटीत असतं. मग घरातला सर्वांत बारीक हात तिथे धाडला जातो.

त्यानंतर जागेचा प्रश्न. स्वस्त कांड्यांत बहुधा १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते, आणि त्यातली बरीच जागा आतल्या सॉफ्टवेअरनेच अडवलेली असते. भाड्याच्या खोलीत मालकाचं कपाट असावं तशी. फुल एचडी पडद्यावर फोर-के दिसत नाही, पण खोक्यावरचा आकडा पाहुण्यांना दिसतो, हेही थोडं नाही.

जुना डबा फेकला जात नाही, माळ्यावर जातो. वायफाय बंद पडलं, की स्टुलावर चढून तो उतरवला जातो. रिचार्ज तोवर संपलेला असतो.