कात्री जमा करा!

मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाचं मूळ घर जपानच्या किनाऱ्यालगत. तिथला हिवाळा सौम्य, त्यामुळे वर्षाचं धान्य एकदम भरून ठेवणाऱ्या घरासारखं हे झुडूप पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीलाच फांद्यांच्या टोकांशी धरून ठेवतं. ही दूरदृष्टी अमेरिकेत मिनेसोटाला गेल्यावर अंगाशी आली. तिथे पारा उणे 30 अंशांशी लगट करतो आणि टोकाच्या कळ्या गारठून मरतात. थंडीच्या तावडीतून सुटलेल्या कळ्यांची वाट वसंतात बागप्रेमी पाहत असतो, हातात कात्री घेऊन. निष्पर्ण काड्या त्याला मेल्यासारख्या वाटतात, तो त्या साफ करतो आणि जुलैत नुसती हिरवीगार पानं बघून नर्सरीवाल्याचा उद्धार करतो.

1998 साली मिनेसोटातल्याच बेली नर्सरीत मायकेल डर या वनस्पतितज्ज्ञांच्या नजरेस एक झुडूप पडलं. ते जुन्या फांद्यांवर फुलायचंच, शिवाय त्याच वर्षीच्या नव्या फुटीवरही फुलायचं. 2004मध्ये ते ‘एंडलेस समर’ या नावाने बाजारात आलं. त्याचं कौतुक होतं ते दोनदा फुलतं म्हणून. माझ्या मते त्याचा खरा गुण वेगळा आहे: माणसाच्या उत्साहातून वाचायची त्याने सोय करून ठेवली आहे. पहिला बहर आपण कापून कचऱ्यात टाकला, तरी ते रुसत नाही. दुसरा काढून दाखवतं.

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे तेही फुलत नाही, त्याचं काय? त्याचं असं, की माफीलाही वेळ लागतो. जुन्या फांद्या गेल्या की झुडपाला जमिनीपासून नव्याने वाढावं लागतं. फुलं यायला ऑगस्ट उजाडतो आणि उत्तरेत लगेच थंडी दारात उभी राहते. त्यात आपण लॉनसाठीचं नत्रयुक्त खत ओतलं, तर झुडूप मन लावून पानंच काढतं. दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा आहे: मग हायड्रेंजियाचीच दुसरी जात, ‘ॲनाबेल’ लावा. ती नव्या फुटीवरच फुलते, वसंतात खुशाल छाटा. बिनतोड सल्ला! फक्त ती निळी होत नाही. निळा रंग हवा तर मोठ्या पानांचाच हायड्रेंजिया हवा, आणि मातीचा सामू 5.5च्या खाली, म्हणजे झाडाला ॲल्युमिनियम शोषता येतं. माती आम्लधर्मी नसेल तर फुलं गुलाबी येतात. शेजाऱ्याची निळी असताना आपली गुलाबी यावीत, हे सोसणारा बागप्रेमी अजून कुठे आढळलेला नाही.

तेव्हा उपाय एकच, आणि तो फुकट आहे. सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि पाणी द्यावं. पहिल्या बहराची सुकलेली फुलं तेवढी खुडावीत. शरद ऋतूत फांद्यांना हात लावू नये, बुंध्याशी पालापाचोळा रचावा. वसंतात कळ्या फुटेपर्यंत थांबावं आणि मगच, जे खरोखर मेलं असेल तेवढंच कापावं. यातलं निम्मं काम म्हणजे काहीही न करणं, आणि नवी कात्री विकत घेतलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. म्हणून नर्सऱ्यांनी या रोपाबरोबर खताची पुडी देण्याऐवजी गिऱ्हाइकाची कात्री मेअखेरपर्यंत जमा करून घ्यावी. फुलं नक्की वाढतील. पण मेलेल्या झुडपाच्या जागी नवं विकत घेणारं गिऱ्हाईक मात्र कमी होईल, म्हणून ही योजना कोणतीही नर्सरी मनावर घेणार नाही.